जाड ब्लँकला नेहमीचा ट्रिमर पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाकडाचे पेन घडवण्यासाठी लागणारे किट आता घरबसल्या मागवता येते आणि नाशिकमध्ये लहान लेथ घेऊन हा छंद जोपासणारे आम्ही काही जण आहोत. या किटसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत एक उणीव वारंवार आढळते आणि तिच्यामुळे नवशिक्यांचे चांगले लाकूड वाया जाते, म्हणून हे पत्र. ब्लँकची, म्हणजे पेनासाठी कापलेल्या ठोकळ्याची, दोन्ही तोंडे बॅरल ट्रिमरने, म्हणजे मधल्या दांड्याभोवती दातेरी पाते असलेल्या आणि ड्रिलला लावून फिरवायच्या हत्याराने, काटकोनात करून घ्यावीत, एवढेच त्या पत्रकांत छापलेले असते. तो ट्रिमर किती जाडीच्या ब्लँकपर्यंत चालतो, हे छापलेले नसते.

ज्यांना या कामाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ठोकळ्याला लांबीतून आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवतात आणि नळी मॅन्ड्रेलवर, म्हणजे लेथमध्ये फिरणाऱ्या सळईवर, चढवून बाहेरचे लाकूड कातून काढतात. नळीच्या तोंडापाशी लाकूड नळीच्या अक्षाशी नेमके काटकोनात कापलेले असावे लागते, कारण पेनाचे धातूचे भाग तिथेच येऊन टेकतात. तोंड तिरके राहिले तर एका बाजूने फट दिसते. शिवाय नट आवळताना त्या तिरकेपणामुळे मॅन्ड्रेल वाकते आणि पेन एकीकडे जाड व दुसरीकडे पातळ उतरते.

बाजारातल्या नेहमीच्या ट्रिमरच्या पात्याचा व्यास पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर असतो, आणि त्याचा मधला दांडा ७ मिलिमीटरच्या पेनाच्या नळीत बसेल असा असतो. बारीक पेनासाठी ही जोडी उत्तम आहे. १९ मिलिमीटर चौरस ठोकळ्याचे कोपरे पात्याच्या बाहेर राहतात खरे, पण ते पुढे कातण्यात निघूनच जातात. साडेबारा मिलिमीटरचे भोक लागणाऱ्या जाड पेनासाठी मात्र २५ मिलिमीटरचा ठोकळा घ्यावा लागला, तर त्याचा कर्ण ३५ मिलिमीटरच्या पुढे जातो. अशा ठोकळ्यावर १९ मिलिमीटरचे पाते चालवले की ते तोंड सपाट करत नाही, तर मध्यभागी खळगा कोरते. भुसा बाहेर पडायला वाट उरत नाही, लाकूड तापते आणि खळग्याच्या कडेला दात अडकू लागतात. पुढे कातायला घेतल्यावर बुशच्या (मॅन्ड्रेलवर नळीच्या टोकाशी बसणाऱ्या मापाच्या धातूच्या कडीच्या) बाहेर आलेली ती कड आधाराविना लोंबकळत असते, आणि हत्यार लागताच तिचा कपचा उडतो, बहुधा पेनाच्या अंगातला तुकडा घेऊनच.

यावर विक्रेते मोठ्या नळीसाठी दांड्यावर चढवायची स्लीव्ह देतात. ती घट्ट बसणारी असेल तर ठीक. पण नळीच्या आत तिला ०.२ मिलिमीटरची ढिलाई असेल आणि ती ५० मिलिमीटर आत शिरत असेल, तर तेवढ्या ढिलाईने पाते जेवढे कलते त्याने २५ मिलिमीटर रुंदीच्या तोंडावर ०.१ मिलिमीटरचा फरक पडतो. ही जाडी साध्या कागदाएवढी आहे, परंतु चकचकीत धातूच्या कडीशेजारी ती रेघ डोळ्यांना लगेच खुपते. हीच ढिलाई १२ मिलिमीटरच्या तोंडावर निम्म्याहून कमी दिसते. म्हणजे जाडी वाढते तशी अचूकतेची गरजही वाढते, आणि हत्यार मात्र तेच राहते.

दुसरा गैरसमज करवतीविषयी आहे. ब्लँक गुण्याला लावून नीट काटकोनात कापला की काम झाले, असे अनेकांना वाटते. ड्रिल लाकडाच्या रेषांबरोबर थोडे सरकते, त्यामुळे भोक ठोकळ्याच्या बाजूंना क्वचितच पूर्ण समांतर असते. बाजू धरून घेतलेला काटकोन हा बाजूंचा काटकोन झाला. आपल्याला हवा आहे तो भोकाचा. नळीत घट्ट बसणारा सरळ दांडा घालून त्याला गुण्या लावला, तरच खरे मोजमाप कळते. तोंडावर मार्करने रंग लावून हलकेच कापावे आणि रंग सगळीकडून सारखा जातो का पाहावे, ही युक्तीही चांगली आहे. पितळेचे कडे पूर्ण वर्तुळात चमकले की तिथेच थांबावे. त्यापुढे गेल्यास नळी आखूड होते, आणि फिरवून उघडायच्या पेनात रिफिलचे टोक गरजेपेक्षा अधिक बाहेर राहते.

तर जाड ब्लँकचे करावे काय? पेनाची अंतिम जाडी १९ मिलिमीटरच्या आत असेल, तर आधी नळीच्या दोन्ही तोंडांत शंकूच्या आकाराची सेंटर, म्हणजे लेथची आधार देणारी टोके, घालून ठोकळा गोल करावा, तो पात्याच्या व्यासापेक्षा थोडा कमी होईपर्यंत कातावा आणि मगच ट्रिमर लावावा. बुश न वापरता हे होते, त्यामुळे तोंड अजून तिरके असले तरी बिघडत नाही. मात्र ब्लँक हातात धरून ड्रिल चालवू नये. मोठ्या पात्याला जोर अधिक लागतो आणि दात अडकला की ठोकळा हातातून फिरतो.

जाडी त्याहून अधिक असेल, किंवा लाकूड सागासारखे असेल, तर मी फेसिंगच, म्हणजे लेथवर हत्याराने तोंड सपाट कातणेच, सुचवेन. सागात सिलिका असते आणि तिने हाय-स्पीड स्टीलची धार लवकर बोथट होते. बोथट ट्रिमर तोंडाचे लाकूड कापत नाही, उपटतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सेंटर लेथ (धातू कातायचा लेथ) असलेल्या लहान वर्कशॉपना तोटा नाही. नळीत घट्ट बसणाऱ्या मॅन्ड्रेलवर ब्लँक चढवून क्रॉस-स्लाइडने, म्हणजे हत्यार अक्षाला आडवे सरकवणाऱ्या भागाने, फेसिंग मारले की तोंड नळीच्या अक्षाशी काटकोनात येते, कारण लेथची रचनाच तशी असते. लेथ तपासण्याच्या मानकांत फेसिंग किंचित खोलगट आलेले चालते, फुगीर आलेले चालत नाही. आपल्या कामाला हे सोयीचेच आहे, कारण धातूची कडी मग बाहेरच्या कडेवर नीट टेकते. हत्यार ताजे धार लावलेले असावे आणि ते बाहेरून आत न्यावे, म्हणजे कडेचे तंतू फाटत नाहीत. आधी तोंडावर पातळ सुपरग्लू मुरवला तर आणखी उत्तम. वर्कशॉपवाले लाकडाचे काम पाहून नाक मुरडतात, आणि त्यांचेही चुकत नाही. भुसा तेल शोषून स्लाइडवर बसतो आणि तिथे गंज धरतो. बेडवर कापड अंथरून घ्यावे आणि काम झाल्यावर ते आपण स्वतः झटकावे.

सँडिंग डिस्कचा मार्गही आहे. त्यासाठी चकती लेथवरच फेस केलेली हवी आणि तिच्यावरचा पेपर कडक पाठीवर चिकटवलेला हवा. पाठ मऊ असली की लाकूड झिजते, पितळ तसेच राहते आणि नळीचे तोंड वर डोकावते. सावकाश घासावे, कारण पितळ चटकन तापते आणि नळीचा गोंद सैल होतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. जुन्या द्राक्षबागांतून निघालेली वेलीची खोडे वेडीवाकडी आणि भेगाळलेली असतात, म्हणून आम्ही ती राळेत ओतून ब्लँक करतो, आणि असा ब्लँक हमखास जाड होतो. त्यात एकाच तोंडावर कडक लाकूड, पोकळ भाग आणि राळ असे तीन पदार्थ येतात. ट्रिमरचे दात मऊ भागात शिरतात आणि कडक भागावर उडी मारतात. अशा ब्लँकला फेसिंग किंवा डिस्क हेच मार्ग आहेत, असे माझे ठाम मत आहे.

विक्रेत्यांना विनंती आहे की ट्रिमरच्या वेष्टनावर पात्याचा व्यास, दांड्याची जाडी आणि कोणत्या किटला कोणती स्लीव्ह लागते, एवढे तरी छापावे. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला शिकवणाऱ्या निदेशकांनाही एक सुचवावेसे वाटते. वेगवेगळ्या पेन-किटच्या नळ्यांसाठी पायऱ्यांची स्लीव्ह करणे हा विद्यार्थ्यांसाठी नेमका जॉब आहे: आतले भोक ७ मिलिमीटरच्या दांड्याला घट्ट आणि बाहेरचा व्यास नळीच्या आतल्या व्यासापेक्षा फार तर ०.०५ मिलिमीटर कमी. असा जॉब करून मिळत असेल, तर शहरातले हौशी कातारी तो आनंदाने विकत घेतील.

आपला,
एक वाचक, नाशिक