नाकाबंदीत भांडू नका, पण पावती घेतल्याशिवाय निघूही नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

व्हॉट्सॲपवर एक मेसेज सारखा फिरत असतो, तुमच्याही ग्रुपवर आलाच असेल, 'ट्रॅफिक पोलिसांनी अडवलं तर हे आहेत तुमचे हक्क' असल्या मथळ्याचा. पोलीस गाडीची चावी काढू शकत नाहीत, टायरची हवा सोडू शकत नाहीत, तुम्ही बिनधास्त शूटिंग करा वगैरे वगैरे. वाचून माणसाला जोर चढतो, आणि मग चौकात हवालदाराने हात केला की गाडी साईडला घ्यायच्या आधी मोबाईलचा कॅमेरा चालू. मी मालवाहू टेम्पो चालवतो, नाकाबंदी हा आमच्या धंद्याचाच भाग झालाय, त्यामुळे हे नाटक भरपूर वेळा बघितलंय. मेसेजमधलं बरंचसं खोटं नाही हो, पण आपण काय करायचं असतं तो भाग कुणी फॉरवर्डच करत नाही, आणि तो भाग सोडून दिला की हक्कही हातातून जातात.

सुरुवात थांबण्यापासून. वाहतूक नियंत्रण करणाऱ्या पोलिसाचा इशारा पाळायचाच, त्यात आपली मर्जी चालत नाही. 'मी काय केलंय ते आधी सांगा, मग थांबतो' असं कायद्यात कुठंही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम १३० सांगतं की गणवेशातल्या कुठल्याही पोलिसाने मागितलं तर सार्वजनिक ठिकाणी ड्रायव्हरने लायसन्स दाखवायचं. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि आमच्यासारख्यांच्या गाडीचं फिटनेस आणि परमिट, ही सगळी भानगड केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये आहे. आणि एक गोष्ट जी मी ज्याला ज्याला सांगितली तो चकित झाला: कलम २०२ प्रमाणे या कायद्याखालचा गुन्हा केलेल्या माणसाने नाव-पत्ता सांगायला नकार दिला तर गणवेशातला पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. म्हणजे पाचशे रुपयांच्या दंडाचं प्रकरण 'मी नाव सांगणार नाही, तुम्ही कोण विचारणारे' या एका वाक्यावर पोलीस स्टेशनपर्यंत जाऊ शकतं, आणि तिथं व्हॉट्सॲपवाला कुणी सोडवायला येत नाही.

आता यातच 'गणवेशातला' हा शब्द आहे, तो आपल्या बाजूचा आहे. साध्या कपड्यातला कुणीतरी बाईकवरून येतो आणि 'लायसन्स काढ' म्हणतो, त्याला शांतपणे सांगायचं की साहेबांना बोलवा, मी इथंच उभा आहे. पळायचं नाही. पिवळं-निळं जाकीट घातलेले वॉर्डन असतात त्यांचं काम गाड्या लाईनीत लावायचं, वाहतुकीला मदत करायचं. कलम १३० मध्ये लायसन्स मागायचा हक्क लिहिलाय तो पोलिसाला. आरटीओचे अधिकृत इन्स्पेक्टरही इन्शुरन्स, फिटनेस, परमिट मागू शकतात, ते आम्हा टेम्पोवाल्यांना वेगळं सांगायला नको.

कागद मोबाईलवर चालतात का, यावरून तर अजूनही रोज वाद. चालतात. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्येच राज्यांना कळवलं की डिजिलॉकर आणि एमपरिवहन ॲपवरचे कागद मूळ कागदांसारखेच धरा, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम १३९ मध्येही 'इलेक्ट्रॉनिक स्वरूपात' हे आलं. १ ऑक्टोबर २०२० पासून तर आणखी पुढे गेलंय, कागदांची खात्री ऑनलाईन झाली असेल तर पोलिसाने मूळ कागद मागायचाच नाही, जप्तीची वेळ आली तरीसुद्धा नाही. पण इथं आपली लोकं काय करतात, लायसन्सचा फोटो गॅलरीत ठेवतात, नाहीतर बायकोने व्हॉट्सॲपवर पाठवलेला आरसीचा फोटो दाखवतात, आणि पोलीस नाही म्हणाला की 'सरकारने परवानगी दिलीय' म्हणून आवाज चढवतात. परवानगी फोटोला नाही, ॲपमध्ये सरकारी खात्याकडून आलेल्या कागदाला आहे. डिजिलॉकरमध्ये तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेला कागदही त्यात बसत नाही. नेटवर्क नसलेल्या घाटात हे ॲप उघडत नाही तेव्हा काय करायचं हा प्रश्न वेगळा, म्हणून मी अजून आरसी आणि लायसन्स खिशातच ठेवतो.

आणि लायसन्स घरी राहणं वेगळं, लायसन्सच नसणं वेगळं. दुसऱ्याला कलम १८१ खाली ५००० रुपये दंड आहे, तो पहिल्याला लावत असतील तर तिथंच नम्रपणे बोलायला हवं, कारण लायसन्स आहे की नाही हे पोलिसाला नंबरवरून मशीनवर लगेच दिसतं.

मला खरं बोलायचंय ते पावतीबद्दल. आपल्याकडे रस्त्यावर जे काही चुकीचं होतं ते सगळं कागदावर न येणाऱ्या गोष्टींतून होतं असं मला वाटतं, आणि त्यात दोन्ही बाजू सामील असतात. पोलिसाने लायसन्स ताब्यात घेतलं तर कलम २०६ प्रमाणे त्याने तात्पुरती पोच द्यायलाच लागते आणि लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर एरवी गाडी चालवता येते, पण २०१९ च्या दुरुस्तीपासून भरधाव किंवा दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं अशा काही गुन्ह्यांत लायसन्स घेतलं असेल तर चालवता येत नाही. ही गोष्ट किती जणांना माहीत आहे? लायसन्स खिशात घालून 'उद्या चौकीवर ये' असं म्हटलं की माणूस मान हलवतो आणि निघतो, दुसऱ्या दिवशी चौकीवर ते साहेब ड्युटीवर नसतात, तिसऱ्या दिवशी लायसन्स सापडत नाही. माझंच एकदा असं झालं होतं, नवीन लायसन्ससाठी चपला झिजल्या. पोच मागितली असती तर पोलिसालाही ते लायसन्स कुठं ठेवलंय याची आठवण राहिली असती. गाडी ताब्यात घेतली तरी तेच. विना रजिस्ट्रेशन, विना परमिट, विना लायसन्स गाडी अडकवायचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे, त्याबद्दल वाद नको, पण कशासाठी आणि कुणी अडकवली ते लिहून घ्या.

दुसरी बाजू म्हणजे आपण. 'साहेब काहीतरी करा ना', 'मांडवली करा', हे आधी कोण बोलतं? बऱ्याचदा आपणच बोलतो हो, हे मी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात राहून सांगतोय. हजाराची पावती नको म्हणून दोनशे सरकवतो आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर पोलीस कसे खातात ते सांगतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार झालाय, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सुटका एकच, जबरदस्तीने द्यायला लावली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे, गाडीत स्टिकर लावायला हरकत नाही.

ई-चलनाचंही असंच. चलन बरोबर नाही असं वाटलं तर हवालदाराशी डोकं लावून काही होत नाही, त्याच्या मशीनमध्ये गेलेलं परत येत नाही. ते ऑनलाईन तक्रारीत किंवा कोर्टात लढवायचं असतं, चलन म्हणजे आरोप आहे, शिक्षा नाही. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची आणि सोबत पुरावा म्हणून फोटो, जागा, तारीख, वेळ द्यायची असं २०२१ पासून नियम १६७ए मध्ये आहे, आणि जिथं असा कॅमेरा आहे तिथं आधी पाटी लावायची असंही. महाराष्ट्रात तर २०२५ मध्ये वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनी परिपत्रक काढून सांगितलं की स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून चलन करू नका. त्याआधी ट्रान्सपोर्टवाल्यांनी ई-चलनावरून संप केला होता, तेव्हा कुठं जाग आली.

मेसेजमधल्या त्या चावीबद्दल आता. चावी काढून घ्यायचा किंवा हवा सोडायचा अधिकार मोटार वाहन कायद्यात कुठंच लिहिलेला नाही, हे खरं. पण म्हणून चावीवरून झटापट करणाऱ्याचं काय होतं ते बघा. ड्युटीवरच्या सरकारी माणसावर हात टाकला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद. हेल्मेटचा दंड एका बाजूला, आणि पासपोर्ट, नोकरी, व्हेरिफिकेशन अडकवणारा गुन्हा दुसऱ्या बाजूला. चावी घेतली तर घेऊ द्या, वेळ, जागा आणि नावाची पट्टी वाचून ठेवा आणि वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा. रस्त्यावर शूटिंग करायलाही सरसकट बंदी नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तर पोलीस स्टेशनसुद्धा शासकीय गुपिते कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही असं म्हटलंय, म्हणजे तिथं शूटिंग केलं म्हणून तो कायदा लावता येत नाही. पण शूटिंग करा म्हणजे लांबून, गप्प उभं राहून करा, मोबाईल पोलिसाच्या नाकाला लावून लाईव्ह कॉमेंट्री करू नका.

दारूच्या बाबतीत मात्र मला ड्रायव्हरबद्दल काही सहानुभूती नाही. १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की कलम १८५, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि हे रस्त्यावर मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. फुंकायला नकार दिला आणि पोलिसाला वाजवी संशय असेल तर त्यावरूनही अटक होते, शिवाय तो नकार कोर्टात आपल्याच विरुद्ध जातो. तरी तिथंही पकडलेल्या माणसाला हक्क आहे, अटकेपासून दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं. हे पोलिसांच्या सोयीसाठी नाही, उद्या मशीन चुकीचं दाखवत असेल तर म्हणून आहे.

आता तुमच्या पेपरकडे एक विनंती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम २१०बी असं आलंय की कायदा राबवणाऱ्यानेच कायदा मोडला तर त्याला दुप्पट दंड. सीट बेल्ट न लावता पोलिसांची जीप, हेल्मेट न घालता ड्युटीवर निघालेला हवालदार, हे रोज दिसतं. तुमच्या वार्ताहराने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून विचारावं की दुरुस्ती लागू झाल्यापासून आपल्या जिल्ह्यात हे कलम किती जणांना लावलं आणि त्यातून किती दंड वसूल झाला. आलेलं उत्तर, शून्य असलं तरी, पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक टेम्पोचालक वाचक