डार्विनच्या गोष्टीतला हूकर कुठे गेला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला डार्विनवरचा लेख वाचला. लेख चांगला उतरला आहे, बीगल जहाजावरचा प्रवास तर डोळ्यांपुढे उभा राहतो. पण एका वाक्यापाशी अडले आणि दोन दिवस तेच मनात घोळत राहिलं. डार्विनने जगाकडे पाठ फिरवून, कुणाजवळ चकार शब्द न काढता वीस वर्षं आपला उत्क्रांतीचा सिद्धान्त उराशी बाळगला, असं लेखकाने म्हटलं आहे. हे खरं नाही. जे खरं घडलं ते याहून कितीतरी सुंदर आहे, म्हणून हे पत्र.

११ जानेवारी १८४४ या दिवशी डार्विनने जोसेफ हूकर नावाच्या २६ वर्षांच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. हूकर एरेबस जहाजावरून अंटार्क्टिकाची चार वर्षांची सफर करून नुकताच परतला होता. दोघांचा पत्रव्यवहार सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. सजीवांच्या जाती कायम जशाच्या तशा राहत नाहीत, अशी आपली जवळजवळ खात्री झाली आहे, असं डार्विनने त्यात लिहिलं, आणि त्याच वाक्याच्या मध्ये कंस टाकून म्हटलं की हे सांगणं म्हणजे खुनाची कबुली दिल्यासारखं आहे.

हूकरचं उत्तर २९ जानेवारीचं आहे. तो दचकला नाही आणि लगेच मानही डोलावली नाही. जातींमध्ये हळूहळू बदल होत असणं शक्य आहे, पण तो कसा होतो याची आजवरची एकही उपपत्ती मला पटलेली नाही, तेव्हा तुमचं म्हणणं ऐकायला मला फार आवडेल, असं त्याने कळवलं. तीस वर्षं शिकवल्यावर मी खात्रीने सांगते, नवा विचार घेऊन आलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं उत्तर देता येत नाही.

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शीटवर झाडाच्या शास्त्रीय नावापुढे ते नाव देणाऱ्याची खूण म्हणून 'हूक. एफ.' ही अक्षरं मी किती वेळा लिहिली असतील याची गणती नाही. एफ म्हणजे फिलिअस, लॅटिनमध्ये मुलगा. वडील विल्यम हूकर, तेही मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणून मुलाच्या नावाला ही खूण. भारताच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ ज्याने सिद्ध केला, ज्याच्याशिवाय आमचं पान हलत नसे, तोच हा हूकर. पण डार्विनने ज्याच्यापाशी मन मोकळं केलं तोही हाच, हे मला निवृत्तीनंतर ती पत्रं वाचायला घेतली तेव्हा कळलं. तोवर मीही वर्गात एकांतातल्या डार्विनचीच गोष्ट सांगत आले, याचं मला आज मनापासून वाईट वाटतं.

ही मैत्री टपालाने शक्य केली. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचं हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि बहुधा ते ज्याला पत्र आलं त्यालाच भरावं लागे. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागलं. डार्विन १८४२ मध्ये लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाऊन गावी राहायला गेला. प्रकृती सतत बिघडलेली, प्रवास झेपेना. पण टपाल रोज येत होतं. दोघांची मिळून सुमारे चौदाशे पत्रं आज उपलब्ध आहेत.

आणि ती नुसती ख्यालीखुशालीची नाहीत. डार्विनने पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवरून आणलेल्या वनस्पती हूकरने तपासल्या. त्यातल्या जेम्स बेटावरच्या ७१ जातींपैकी ३८ फक्त गालापागोसमध्येच सापडणाऱ्या निघाल्या आणि त्यातल्या ३० तर त्या एकाच बेटावरच्या. बेटाबेटावरच्या प्राण्यांच्या जाती वेगळ्या आहेत, असं डार्विनला वाटत होतं, त्याला वनस्पतींनी साक्ष दिली. ती साक्ष हूकरच्या टेबलावरून आली.

तरीही हूकर सहजासहजी काही मान्य करत नसे. ज्याने स्वतः बऱ्याच जातींचं बारकाईने वर्णन केलेलं नाही त्याला जातींच्या प्रश्नावर बोलण्याचा हक्क नाही, असं त्याने १८४५ मध्ये एकदा लिहिलं. रोख एका फ्रेंच लेखकावर होता. पण ते डार्विनला लागलं आणि तुझं म्हणणं मला क्लेश होतील इतकं खरं आहे, असं त्याने प्रामाणिकपणे कळवलं. पुढच्या वर्षी त्याने खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल प्राण्यांचा अभ्यास हाती घेतला आणि त्यात आठ वर्षं घालवली. सगळं श्रेय त्या एका वाक्याला देता येणार नाही, पण ते त्याच्या मनात होतं एवढं नक्की.

मला सगळ्यात आवडतं ते बियांचं प्रकरण. दूरच्या बेटांवर झाडं पोहोचली कशी, यावर दोघांचा वाद होता. पूर्वी जमिनी जोडलेल्या असाव्यात, याकडे हूकरचा कल. डार्विनला वाटे की बिया समुद्रातून वाहत जात असतील. मग १८५५ मध्ये त्याने घरात खाऱ्या पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि त्यात बिया टाकल्या. पाण्याला घाण वास सुटायचा, ते बदलत राहावं लागे. मुलं रोज विचारत, बाबा, तुम्ही डॉक्टर हूकरना हरवणार का? ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजल्या! तेवढ्यात लक्षात आलं की बिया तर पाण्यात बुडतात, मग वाहत जाणार कशा? या कृतघ्न पोरांना, म्हणजे बियांना, मिठात मुरवण्याचा एवढा खटाटोप फुकट गेला म्हणायचा, असं तो वैतागून हूकरलाच लिहितो. ज्याच्याशी वाद त्याच्याचपाशी आपल्या युक्तिवादातलं भोक दाखवायचं! मग त्याने फळांसकट वाळवलेल्या फांद्या घेऊन पुन्हा प्रयोग केला. ९४ वनस्पतींपैकी १८ अठ्ठावीस दिवसांहून जास्त तरंगल्या.

आता १८५८. १८ जूनला वॉलेस या निसर्ग-अभ्यासकाचा निबंध डार्विनच्या हाती पडला, त्यात डार्विनचाच सिद्धान्त. दहा दिवसांनी, २८ जूनला, डार्विनचा दीड वर्षाचा धाकटा मुलगा स्कार्लेट तापाने गेला. दुसऱ्या दिवशी हूकरने कागदपत्रं मागवली तेव्हा मी पार खचलो आहे, काही करू शकत नाही, असं लिहून डार्विनने ती पाठवली. त्यात सिद्धान्त मांडणारं १८४४ चं जुनं हस्तलिखित होतं. तू ते वाचलं होतंस हे तुला तुझ्याच अक्षरावरून दिसावं, एवढ्यासाठीच पाठवतो आहे, असं त्याने सोबत कळवलं. हूकरने १८४७ मध्ये समासात केलेली टिपणं अकरा वर्षं तशीच होती. १ जुलैला लंडनमधल्या लिनिअन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत वॉलेस आणि डार्विन या दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं, ते हूकर आणि भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यांनी पुढाकार घेतला म्हणून. डार्विन तिथे नव्हता. ज्याने वीस वर्षं कुणाला काहीच सांगितलं नसतं, त्याच्या बाजूने त्या दिवशी उभं राहायला कोण होतं?

पुढच्या वर्षी जातींच्या उगमावरच्या डार्विनच्या ग्रंथाच्या हस्तलिखिताचा एक भाग हूकरकडे वाचायला होता. तो चुकून हूकरच्या मुलांच्या चित्रांच्या कागदांच्या खणात गेला आणि जवळपास चौथा हिस्सा मुलांनी संपवला. जुना मसुदा जवळ आहे, नाहीतर या नुकसानीने माझा जीव गेला असता, असं डार्विनने लिहिलं. मैत्रीत अंतर पडलं नाही.

त्या काळी डार्विन आणि हूकर हा काही अपवाद नव्हता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, आणि स्टोक्स या दोन भौतिकशास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार १८४६ पासून १९०३ पर्यंत चालला. विजेचा अभ्यास करणाऱ्या, लोहाराचा मुलगा असलेल्या फॅरडेला गणित येत नव्हतं. गणिताने काढलेले निष्कर्ष आम्हाला कळतील अशा साध्या भाषेत मांडता येणार नाहीत का, असं त्याने १८५७ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, २६ वर्षांच्या भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलला पत्रात विचारलं. कसलाही संकोच नाही.

पण मला राहून राहून आठवतं ते २८ सप्टेंबर १८६३ चं पत्र. हूकरची सहा वर्षांची मिनी त्या दिवशी गेली. तासाभरात बापाने कागद पुढे ओढला. माझी लाडकी मुलगी तासापूर्वी इथे वारली आणि या दुःखात इतर कुठल्याही मित्रापेक्षा मला तुझी जास्त आठवण येते आहे, असं त्याने डार्विनला लिहिलं. डार्विनची दहा वर्षांची ॲनी १८५१ मध्ये गेली होती, हे हूकरला ठाऊक होतं. दोन महिन्यांनी डार्विनने लिहिलं की माया खूप असली की यातनाही खूप, पण मायेवाचून आयुष्य म्हणजे निव्वळ वाळवंट.

लेखकाविषयी माझ्या मनात आदरच आहे. लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात हूकरला जागा द्यावी, एवढी विनंती. केंब्रिजमधल्या अभ्यासकांनी १९७४ पासून डार्विनच्या पत्रव्यवहारातली पंधरा हजारांहून जास्त पत्रं गोळा केली, तीस खंडांत छापली आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचायला ठेवली आहेत. विज्ञान शाखेच्या मुलांना तो पत्ता छापून द्यावा, आणि मिनीच्या पत्रापासून सुरुवात करा, असं सांगावं.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा