खडकाळ समुद्रात शीड नेण्याआधी तिथी पाहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवण-निवतीकडच्या खडकांवर किंवा लक्षद्वीपच्या प्रवाळांवर फुटणाऱ्या लाटांत विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर जाण्याचा खेळ, करण्याचे बेत मुंबईची तरुण मंडळी आखतात, याचा मला आनंद वाटतो. ज्या खेळात इबाद अली यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिले, तो आपल्या किनाऱ्यावर रुजायलाच हवा. मात्र हे बेत बहुधा जोडून आलेल्या सुट्ट्या आणि रेल्वेचे आरक्षण पाहून ठरतात, भरती-ओहोटी पाहून नव्हे. आणि आडबाजूच्या खडकाळ जागी ही चूक जिवावर बेतू शकते.

गिरगाव चौपाटीसमोर शिकणाऱ्याच्या फळीखाली वाळू असते. खडकावर मात्र पाणी छातीइतके आहे की गुडघ्याइतके, यावर सारे अवलंबून असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला जुना हिशेब येथे फार उपयोगी पडतो. चांदण्याच्या हौसेने पौर्णिमा निवडली, तर भरती सव्वाअकराच्या सुमारास येऊन जाते आणि दुपारी समुद्राकडून येणारा वायव्येचा खारा वारा जोर धरतो तेव्हा पाणी भराभर उतरत असते. उधाणाचे दिवस असल्याने ते उतरतेही खूप खाली, आणि संध्याकाळी थकून परतणाऱ्याच्या वाटेत सकाळी न दिसलेले खडक उघडे पडतात. वांद्र्याच्या बँडस्टँडला हे कोणीही पाहू शकतो. याउलट अष्टमीला ओहोटी बाराच्या आसपास संपते, नंतर वारा आणि पाणी एकत्रच चढत जातात, शिवाय भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाण्याची चढ-उतारही कमी असते. म्हणून सुट्टी अष्टमी-नवमीच्या आसपासची घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा धोका पहाटेच्या मतलई वाऱ्याचा आहे. जमिनीकडून येणाऱ्या या वाऱ्यात काठाजवळचे पाणी शांत दिसते, पण डोलकाठी आणि फळी जोडणारा रबरी सांधा तुटला, तर तोच वारा माणसाला खोल समुद्रात नेतो. हा सांधा निघण्याआधी हाताने पूर्ण वाकवून पाहावा. एरवी न दिसणारी केसाएवढी चीर तेव्हा उघडी पडते. जादा सांधा आणि आखूड फिन (फळीखालचे पाते) सोबत असावीच. गावातील जाणत्या मच्छीमाराची होडी, तिचा योग्य मोबदला देऊन, जवळ ठेवावी आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून जावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्या माणसाकडेही असावा.

लक्षद्वीपला जायचे तर प्रवेश परवाना आधी काढावा लागतो. प्रवाळ तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्यामुळे पडताना पाय खाली न रोवता अंग पाण्यावर पसरून पडण्याचा सराव मुंबईतच करावा. त्याने पायही वाचतात आणि प्रवाळही.

पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळा वर्तमानपत्रांत छापून येतात. समुद्रावरील खेळांचा खरा हंगाम मात्र ऑक्टोबर ते मे असतो. या महिन्यांतही मुंबई, रत्नागिरी आणि मालवण येथील भरती-ओहोटीच्या वेळा तिथीसह रोज द्याव्यात, अशी आपणांस विनंती आहे.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई