तंबोऱ्यामागची जागा

मिरज,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ‘नोकरी संपली, आता दिवसभर करतोस तरी काय?’ असं विचारलंयस. फोनवर दोन वाक्यांत संपेल असं हे नाही, म्हणून निवांत लिहायला बसलोय. ही सकाळीच बहिणीकडे सांगलीला गेली. घरात मी, तंबोरा आणि बंद केलेला फ्रीज. फ्रीजचं पुढे सांगतो.

पहाटे उठलो की पहिलं काम तंबोरा लावायचं. मी गात नाही, हे तुला ठाऊक आहेच. लावणं हेच माझं काम आणि सगळा आनंद त्यातच. चार तारा: पहिली मंद्र पंचमाची, म्हणजे खालच्या प ची, मधली जोडी षड्जाची, म्हणजे सा ची, आणि शेवटची जाड पितळी, खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. पट्टी काळी एक, म्हणजे सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवरचा. आधी ही मधली जोड लावायची. दोन तारा जवळजवळ सारख्या झाल्या की आवाज हेलकावे खायला लागतो. खुंटी जराशी आवळली की हेलकावे लांबत जातात, आणखी जराशी, की थांबतात. खुंटीला जे साधत नाही ते तारेत ओवलेल्या मण्याने साधायचं. मणी केसभर सरकवायचा आणि कान देऊन बसायचं. एका क्षणी दोन तारा आहेत हेच ऐकू येईनासं होतं. त्या क्षणासाठी मी रात्री लवकर झोपतो, खरंच सांगतो.

या लावण्यातूनच फ्रीजचा शोध लागला. मध्यंतरी पंचम काही केल्या स्थिर होईना. जोड लागलेली, खर्ज लागलेला, पण पहिली तार छेडली की सुरात एक बारीक थरथर. तार बदलून पाहिली, तरी तेच. आणि एका सकाळी ती थरथर आपोआप थांबली. त्याच वेळी स्वयंपाकघरातला फ्रीजही घुमायचा थांबला होता! वही घेऊन हिशोबच मांडला. आपली वीज 50 हर्ट्‌झची. प्रत्येक आवर्तनात चुंबकाची ओढ दोनदा लागते, म्हणून तिच्यावर चालणारी यंत्रं सेकंदाला 100 कंपनांनी घुमतात. पेटीवर हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर येतो. काळी एकचा मंद्र पंचम म्हणजे खालची काळी चार, तिची कंपनं 104च्या आसपास. मध्ये चारचं अंतर, म्हणून सेकंदाला चार हेलकावे. तेव्हापासून तंबोरा लावताना फ्रीज बंद. ही आधी दुधाच्या नावाने कुरकुरली. मग तिला शेजारी बसवून फ्रीज चालू-बंद करून ऐकवला. तिला ते इतकं स्वच्छ ऐकू आलं की आता मी खोळ काढायला लागलो की तीच आतून विचारते, “बंद करू का?”

कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मरही त्याच सुरात घुमतो. आणि सगळ्या देशाची वीज एकाच जाळ्यात बांधलेली असल्यामुळे तुझ्या नागपूरच्या गल्लीतलाही त्याच सुरात घुमत असणार. आज रात्री रहदारी थांबली की खिडकीत उभा राहून ऐक. मीही ऐकतो.

उन्हाळ्याच्या शेवटी तंबोऱ्याचा आवाज बसला. सूर लागायचा पण फुलायचा नाही. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर तारा घासून घासून चरे पडले की असं होतं. मग सतारमेकर गल्ली गाठली. शाळा सुटल्यावर आपण तिथल्या भोपळ्यांच्या ढिगापाशी रेंगाळायचो, आठवतंय ना? तेव्हा त्या गल्लीची गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नव्हती. ही मंडळी मूळची शिकलगार, हत्यारं घडवणारी आणि त्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं आणि पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला गवयांची ये-जा वाढली. गवयांची मोडकी वाद्यं दुरुस्त करता करता त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी नवीच घडवायला घेतली. तिथून पुढे पिढ्यानपिढ्या हे काम चाललंय. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळायला हवं होतंच, आणि बरंच आधी मिळायला हवं होतं.

मी ज्यांच्याकडे जातो त्या चाचांनी चारही तारा एकदा छेडल्या आणि एवढंच म्हणाले, “बंद झालाय. खोलू या.” मग मी दुपारभर तिथेच बसून राहिलो. घोडीचा माथा नुसता पाहिला तर सपाट वाटतो. त्याला अतिशय सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या टेकण्या-सुटण्यातून मूळ सुराच्या वरचे सूर झरत राहतात. चाचा कानस फिरवतात, तार चढवतात, ऐकतात, तार उतरवतात, पुन्हा कानस. हाताशी मोजमापाचं कुठलंही साधन नाही. सगळा निवाडा कानाचा. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा घालून तो पुढे-मागे सरकवतात. एका नेमक्या जागी आवाज एकदम उघडतो, अंधाऱ्या खोलीचं दार कुणी उघडावं तसा. ही जवारी. ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि चाचांनी तर असे किती तंबोरे उघडले असतील, तरी त्यांचाही चेहरा खुलला.

या घोडीवर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये निबंध लिहिला होता. नुसत्या तारेला जिथे छेडावं तिथे ज्या वरच्या सुरांचे स्थिर बिंदू येतात, ते सूर उमटू नयेत असा नियम आहे. तंबोऱ्यात ते उमटतात, आणि त्याचं कारण ही घोडी. मी चाचांना हे सांगितलं. कानस न थांबवता ते म्हणाले, “मग त्यांनी घोडी नीट पाहिली होती.” याहून मोठी शाबासकी त्या दुकानात कुणाला मिळत नाही.

बोलता बोलता तुझ्या आईंच्या तंबोऱ्याचा विषय निघाला. जुन्या घडणीचा, सांबरशिंगाच्या घोडीचा, म्हटल्यावर चाचांनी काम बाजूला ठेवून सगळी चौकशी केली. त्यावर शेवटी लिहितो.

त्या दुपारीच ठरलं की पुढच्या खेपेला भोपळे आणायला मीही जायचं. चाचांचा मुलगा टेम्पो घेऊन निघाला, मी पुढे त्याच्या शेजारी. कवठेमहांकाळ, सांगोला करत मंगळवेढ्याकडे. तंबोऱ्याचा भोपळा तिकडचा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या रानातला. तो जातीचा कडू, जनावर त्याला तोंड लावत नाही. वेलावर तो कसा टेकलाय यावर सगळं अवलंबून. आडवा पडून वाढला तर एका अंगाने चपटा होतो, म्हणून शेतकरी त्याला खाली पाचट घालून नीट बसवतो. पुरुषी तंबोऱ्याला 50 इंचांच्या आसपास घेर लागतो, आणि तेवढा मोठा, सारखा गोल, जाड सालीचा भोपळा शेतात एखादाच सापडतो. चाचांचा मुलगा प्रत्येक भोपळ्यावर टिचकी मारून ऐकत होता. मीही मारत गेलो. पहिल्यांदा सगळे सारखेच वाटले. दुपारपर्यंत पातळ सालीचा कुठला आणि जाड सालीचा कुठला हे माझ्याही कानाला कळायला लागलं. शेतकऱ्याच्या घरी बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी आणि वांग्याची भाजी जेवलो. परतताना गाडीत भोपळे भाताच्या पेंढ्यात बसवले होते आणि दर खड्ड्याला आम्ही दोघं मागे वळून बघत होतो.

घरी आल्यावरही भोपळ्याचं काम लगेच होत नाही. तो पाण्यात भिजवून मऊ करायचा, कापायचा, आतला गर खरवडून काढायचा, आतून काठ्यांचा ताण देऊन आकार द्यायचा आणि पुन्हा वाळू द्यायचा. मग त्यावर तुनाच्या लाकडाची दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची फळी, चढते. मी निवडलेल्या एका भोपळ्यावर चाचांनी खडूने खूण करून ठेवलीय. त्याचा तंबोरा कधी होईल तेव्हा होईल. येता-जाता मी त्याला हात लावून येतो.

रविवारी संध्याकाळी आम्ही चारपाच जण जमतो. एकाकडे हाताने चावी द्यायचा ग्रामोफोन आहे आणि तीनेक मिनिटांच्या लाखेच्या तबकड्या. प्रत्येक तबकडीला सुई नवी लावायची, हा नियम तो कडक पाळतो. नुकताच 27 ऑक्टोबर होऊन गेला. 1937 साली त्याच तारखेला अब्दुल करीम खाँसाहेब पाँडिचेरीच्या वाटेवर असताना गेले. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ठेवलं. म्हणून या खेपेला फक्त त्यांच्याच तबकड्या लावल्या. इतकी वर्षं मी त्यांचा आवाज ऐकत आलो. या वेळी आवाजाच्या मागचा तंबोरा ऐकायचा ठरवलं. तबकडीची खरखर आहे, पण तिच्या मागे तो आहे, आणि खाँसाहेबांचा षड्ज त्यात असा मिसळतो की तार कुठे संपली आणि गळा कुठे सुरू झाला हे सांगता येत नाही. संगीताचे अभ्यासक कृ. ब. देवल यांनी सांगलीत श्रुतींचा, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांचा, अभ्यास करताना याच गळ्याचा आधार का घेतला असेल, ते मला त्या संध्याकाळी समजलं.

आणि आता नवरात्राचं, जे तुला सांगायला मी कधीचा थांबलोय. अंबाबाईच्या देवळातल्या संगीत महोत्सवात या वर्षी मी साथीला होतो. एका बाईंच्या मागे, तंबोऱ्यावर. त्या पांढरी चारच्या, म्हणून तंबोरा बायकी, लहान. तीन तास आधी जाऊन बसलो. संध्याकाळी पाऊस पडून गेला होता, हवा ओली. लाकूड आणि तारा सारख्या हलत होत्या. लावावं, पाच मिनिटांनी पुन्हा लावावं. बाईंनी येऊन एकदा ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “राहू द्या, हात लावू नका आता.”

मागे बसणाऱ्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. पंचम मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तारा तर्जनीने. तबल्याच्या लयीत अडकायचं नाही. गाणं द्रुतात गेलं तरी आपला हात तसाच संथ हवा. समेवर मान डोलली तरी चालेल, बोट डोलायला नको. गाणाऱ्याने मागे वळून पाहावं लागू नये, बस्स. मला ती जागा मनापासून आवडते. समोरचा श्रोता गाणं ऐकतो, मी गाणं जिथून उगवतं तिथे बसलेला असतो.

बिहाग सुरू झाला आणि विलंबितातच वीज गेली. दिवे गेले, माइक गेला, पंखे गेले. तबलजी क्षणभर थांबले, बाई नाही थांबल्या. आणि मित्रा, तेव्हा ऐकू आलं. स्पीकरची घुमघुम गेली, ट्यूबचा आवाज गेला, ती सेकंदाला 100 वाली थरथर सगळ्या आवारातून निघून गेली. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार उमटत होता, स्वच्छ, भरलेला. गंधाराची तार तंबोऱ्याला नसतेच. खर्जाच्या पाचपट कंपनांचा तो सूर त्या तारेच्या पोटातूनच येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी तो घरी एकांतात ऐकलाय, पण भरल्या देवळात, शेकडो लोकांत, पहिल्यांदाच. बिहागात गंधाराचं केवढं महत्त्व! बाईंनी तो ऐकला. त्या गंधारावर आल्या आणि तिथेच राहिल्या, तारेतला आणि गळ्यातला एकत्र. शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्याची दाद माझ्यापर्यंत पोचली. वीज परत आली तेव्हा कार्यकर्ता माइक सुरू करायला धावला, बाईंनी हातानेच थांबवलं. बडा ख्याल तसाच पुरा झाला.

कार्यक्रमानंतर त्या माझ्यापाशी आल्या, तंबोऱ्याला नमस्कार केला आणि जवारी कुणाची म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांना जाऊन सांगितलं.

तर माझा दिवस असा जातो. उरलेल्या वेळात बँक, किराणा, नातवाचा अभ्यास. तेही चाललेलं असतं.

आता आईंचा तंबोरा. तो तसाच कपाटावर ठेवू नकोस, अशी माझी आणि चाचांची दोघांची विनंती आहे. चारही तारा सैल कर, पण काढू नकोस. तारांच्या दाबाशिवाय घोडी सरकेल, म्हणून ती कुठे बसली आहे तिथे तबलीवर पेन्सिलीने बारीक खूण कर, मग तारांखालून मऊ कापडाची घडी घाल. खुंट्या आहेत तशा राहू देत, तेल लावू नकोस. भोपळ्याला कुठे चीर असेल तर चिकटपट्टी मारू नकोस, नुसता फोटो पाठव. दोन गोधड्यांत गुंडाळ आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने स्वतः घेऊन ये, पार्सलला अजिबात देऊ नकोस. बर्थवर आतल्या बाजूला आडवा ठेवायचा आणि आपण बाहेरच्या बाजूला झोपायचं. चाचा म्हणाले, जुनी घोडी शक्यतो बदलायची नाही, तिच्यावरच जवारी काढू, आठवडा लागेल. तोवर राहायला आमची वरची खोली आहे. आई कुठल्या पट्टीत गायच्या ते मला नक्की आठवत नाही. मोठ्या ताईंना विचारून ठेव, तारा त्या मापाच्या आणून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तिकीट काढलंस की कळव, मी स्टेशनवर येतो.

तुझा,
गल्लीतला जुना सोबती