सिंथसायझर घेताना आतली रचना बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिजिटल-ॲनालॉग मिश्र सिंथसायझर (काही भाग आकडेमोडीवर आणि काही थेट विद्युत सर्किटवर चालणारे, पट्ट्यांचे इलेक्ट्रॉनिक वाद्य) आता बेताच्या किमतीत मिळतात, पण सगळ्यांची रचना एक नसते. आर्टुरिया कंपनीच्या मिनीफ्रीकमध्ये स्वर डिजिटल ऑसिलेटर (मूळ ध्वनी निर्माण करणारे भाग) तयार करतात आणि फिल्टर (त्या ध्वनीचा पोत घडवणारा भाग) तेवढा ॲनालॉग. कोर्ग कंपनीच्या १९८५ च्या डीडब्ल्यू-८००० मध्येही हीच मांडणी होती. कोर्ग मिनीलॉग एक्सडीत मात्र दोन ऑसिलेटर ॲनालॉग, तिसरा डिजिटल.

नागपूरच्या उन्हाळ्यात हा फरक कानाला कळतो. पारा ४५ अंशांकडे गेला की ॲनालॉग ऑसिलेटरचा सूर सरकू शकतो, डिजिटलचा जागेवरच राहतो, आणि दोन्ही एकत्र वाजले की आवाज हेलकावतो. हा बिघाड नव्हे! वाद्य मंचावर १५-२० मिनिटे चालू ठेवा, मग ऑटो ट्यूनिंग (वाद्याने आपला सूर आपणच लावून घेण्याची सोय) करा, त्यानंतरच पेटीशी सूर जुळवा. कूलरच्या थेट झोतात तर ठेवूच नका. ओल आणि धूळ शिरली की नॉब फिरवताना खरखर सुरू होते.

मिनीफ्रीक आणि मिनीलॉग एक्सडी या दोन्हींत पट्ट्या ३७ आणि अरुंद, स्पीकर नाही, तबल्याचे ठेकेही नाहीत. अँप्लिफायरचा खर्च आधीच धरा. मिनीलॉग एक्सडीवर एका वेळी चारच स्वर वाजतात. पाचवी पट्टी दाबली की आधीचा एक तुटतो. लॅपटॉप जोडल्यावर घुमघुम आली तर त्याचा चार्जर काढून बघा. घुमघुम थांबली, तर दोष अर्थिंगच्या जोडणीत आहे, वाद्यात नाही. दुकानदारांनी हे गिऱ्हाइकाला विकण्याआधीच सांगावे.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर