दोन ओळींत किती लेड?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या वहीतल्या छापखान्याच्या आठवणी टाइप करून मी आईच्या फोनवर दाखवल्या, तेव्हा ती म्हणाली, "ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात गं." ते मनाला लागलं. तेव्हापासून रोज रात्री सीएसएस शिकतेय, म्हणजे वेबपान कसं दिसावं ते सांगायची भाषा. मजकूर एका फाइलीत असतो. अक्षर केवढं, रंग कोणता, समास किती, हे दुसऱ्या फाइलीत लिहायचं. एक अर्धविराम राहिला तर ती ओळ आणि तिच्या खालची, दोन्ही वाया जातात. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

नमुन्याला घेतलेली फाइल इंग्रजी मजकुराची होती. तिच्यात लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या १.२ पट. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. वरच्या ओळीतला 'कू' खालच्या 'र्की'ला टेकत होता. १.८ केलं आणि पान मोकळं झालं. दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी सारणारे तुमचे हात डोळ्यांपुढे आले. या अंतराला इंग्रजीत 'लेडिंग' म्हणतात, ते त्या शिशावरूनच. तुम्ही 'लेड घाल' म्हणायचात, ते आत्ता उमगलं.

शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतरही वाढवून पाहिलं, तर शिरोरेषेचे तुकडे पडले. लगेच काढून टाकलं.

आणि बाबा, 'ल'! संगणकाच्या लेखी हिंदी वळणाचा आणि आपला 'ल' एकच. कसा काढायचा ते फॉन्टवर असतं. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे असं फाइलीत नोंदवलं तरच आपलं उमटतं. मी 'तिरो देवनागरी मराठी' घेतलाय. पाकळीचा 'ल', देठाचा 'श', अगदी तुमच्या छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांसारखे.

आई, ऑपरेशननंतर पांढरा पडदा डोळ्यांना खुपतो म्हणालीस ना, म्हणून मागचा रंग सायीसारखा केलाय आणि अक्षर २० पिक्सेल. दुपारी चष्मा लावून वाच आणि खरं काय ते सांग.

बाबा, प्रकरणाच्या नावाखाली किती जागा सोडू? तुम्ही तिथे किती लेड घालायचात ते कळवा. तेवढंच अडलंय.

तुमची लेक