वाटाण्याच्या आधी पाणी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पाळीव प्राण्यांच्या सदरात परवा एक छोटी चौकट होती : गोल्डफिश किंवा फायटर (बेट्टा) मासा उलटा तरंगू लागला तर त्याला सोललेला वाटाणा द्यावा. एवढंच. मी गेली ११ वर्षं घरी मासे पाळते आहे. अशा अर्ध्या सल्ल्याने मासे कसे हकनाक जातात ते मी स्वतःच्या टाकीत पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे ६ वर्षांची एक ओरांडा गोल्डफिश आहे. मागे एकदा सकाळी टाकीचा दिवा लावला तर ती पोट वर करून फिल्टरच्या कोपऱ्याला लागलेली. मेली असंच वाटलं. पण कल्ले हलत होते आणि डोळा माझ्या हाताकडे होता. खाण्याची वेळ तिला ठाऊक. जोर लावून ती खाली वळू बघायची, अर्धी वळायची आणि बुचासारखी पुन्हा वर यायची. बघवत नव्हतं. मी जिथून मासे घेतले होते तिथे विचारलं, तर ‘इन्फेक्शन आहे’ म्हणून अँटिबायोटिक हातात दिलं. मी ते सरळ टाकीत घातलं. तिसऱ्या दिवशी पाणी ढगाळलं आणि चांगले धडधाकट असलेले दोन मासेही वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले जिवाणूच माशांच्या अंगातून निघणारा अमोनिया संपवत असतात. औषधाने आधी तेच मारले. त्या दोघांतला एक मासा गेला. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

माशाच्या कण्याखाली हवेची एक पिशवी असते. पुस्तकात तिला वाताशय म्हणतात, मासे पाळणारे स्विम ब्लॅडर म्हणतात. हिच्यामुळेच मासा पाण्यात हवा तिथे स्थिर राहतो. ओरांडा, रांचू, रियुकिन या गोल जातींचं अंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड केलं, तशी आत दाटी झाली. त्यात गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. आपण टाकलेले कोरडे दाणे आत जाऊन फुगतात, वर तरंगणारे दाणे टिपताना हवाही गिळली जाते, आतडं तुंबतं आणि त्या पिशवीवर दाब येतो. बहुतेक घरांत घडतं ते हेच. थंड पाण्यात पचन मंदावतं तेव्हा हे आणखी लवकर होतं.

म्हणून सगळ्यात आधी पाणी तपासावं. अमोनिया आणि त्यापासून बनणारं, माशांना तितकंच घातक नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. नसतील तर क्लोरीन घालवलेलं, टाकीतल्याइतक्याच तापमानाचं पाणी घालून थोडं थोडं बदलावं. मग दोन-तीन दिवस खाणं पूर्ण बंद. मोठ्या माशाला याने काही होत नाही. घरातली मंडळी ‘उपाशी कसं ठेवायचं’ म्हणून हळूच दोन दाणे टाकतात, तेवढं मात्र सांभाळावं लागतं. वाटाणा त्यानंतर : मऊ उकडलेला, साल काढलेला, मीठ न घातलेला, चिमटीत चुरून. फायटरला तर तो देऊच नये. तो किडे खाणारा मासा आहे, त्याला डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले पिसवांएवढे बारीक जीव, द्यावेत. एप्सम सॉल्टने काहींना आराम पडतो, पण ते मॅग्नेशियम सल्फेट असतं. स्वयंपाकातल्या मिठाने ते काम होत नाही.

मासा तळाशीच पडून असेल, पर मिटलेले असतील, अंगावर लाल चट्टे असतील किंवा खवले उभे राहिले असतील, तर मात्र नुसता उपास पुरत नाही. त्याला वेगळ्या टाकीत हलवावं आणि माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवावं. कधी पोटात गाठ असते, कधी पिशवीच मुळात वाकडी असते. एक्स-रेमध्ये ते दिसतं.

पाणी बदलून उपास सुरू केल्यावर आमची ओरांडा चौथ्या दिवशी सरळ झाली. पुढे दोनदा पुन्हा उलटली. आता तिचे दाणे मी आधी वाटीत भिजवते, तळाशी जाणारेच आणते, आणि ती तरंगू लागली की पाण्याची पातळी खाली आणते, म्हणजे तिला तळापर्यंत झगडावं लागत नाही. तेव्हा तिचं पाण्याबाहेर राहिलेलं पोट दर तासाला बघावं लागतं. तिथली त्वचा सुकली की जखम होते.

ही चौकट पुन्हा छापणार असाल तर पाणी आणि उपास यांच्या दोन ओळी वाटाण्याच्या वर घ्याव्यात, आणि टाकीत औषध ओतू नका हे ठळक अक्षरांत यावं, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक